नाव काय टाकायचं?

गूगलमध्ये 'जळकोट' टाकून बघा. बरेचदा तुम्ही थेट लातूर जिल्ह्यात जाऊन पडाल. तिथे उदगीरच्या बाजूला जळकोट नावाचं तालुक्याचं गाव आहे, आणि तालुका म्हटला की तहसील, पंचायत समिती, निविदा, बातम्या सगळं त्याच्याच नावावर जमा होतं. मी म्हणतोय ते जळकोट वेगळं. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की आधी नळदुर्ग लागतं आणि त्याच्या पुढे हायवेलाच आमचं जळकोट. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. 'आमचं' म्हणजे माझं आजोळ.

आता ही भूगोलाची उजळणी कशासाठी? तर माझी मामेबहीण एम.ए. करतेय, तेही भूगोलातच, आणि तिला शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रकल्प लिहायचाय. विषय तिचा तिनंच निवडलाय: तुळजापूर तालुक्यात विहिरींच्या जोडीला आणि मग विहिरींच्या जागी बोअर आले, त्यानं पिकं कशी बदलली. विषय झकास आहे. पण महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला, "दादा, आपल्याकडचं नेटवर काईच घावना बघ. घावतंय ते सगळं लातूरचं." मार्गदर्शक सरांनी "नेटवरून काढ" एवढं सांगून विषय मिटवला होता. मामीचा तोडगा त्याहून सोपा होता: "दादा आयटीत आहे, त्यालाच सांग काढून द्यायला." :-)

काढून दिलं असतं तर एका रविवारात काम संपलं असतं. त्याऐवजी गेले तीन-चार वीकांत आम्ही स्क्रीन शेअर करून बसतोय. आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, ते आज मांडतो.

याबाबतीत आपल्याकडे दोन मतं चालतात. पहिलं, "आता काय, नेटवर सगळं मिळतं, पोरांना मेहनतच नको." दुसरं, "खेड्यातल्या पोरांना कुठून मिळणार हो साधनं? ती शहरातल्या लायब्रऱ्यांत." मला दोन्ही पटत नाहीत. माहिती बऱ्यापैकी जालावर आहे आणि जळकोटच्या घरातूनही दिसते. फक्त ती ज्या नावाखाली ठेवलीय ते नाव माहीत असावं लागतं. संशोधनासाठी साधनं शोधणं म्हणजे आधी नावं शोधणं. हे एक कौशल्य आहे, शिकवता येतं, आणि आपल्या कॉलेजांत ते कुणी शिकवत नाही.

जिल्ह्याचंच घ्या. २०२३ साली उस्मानाबादचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. म्हणजे २०११ च्या जनगणनेपर्यंतचा सगळा विदा 'उस्मानाबाद' नावानं, नंतरचा हळूहळू 'धाराशिव' नावानं. इथवर सोपं आहे. आणखी मागे जा. १९०७-०९ च्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये उस्मानाबाद जिल्ह्याची नोंद उघडली की सांगितलंय की याचं आधीचं नाव नळदुर्ग. त्यात धाराशिव गावाचं स्पेलिंग असं काही केलंय की वाचताना 'धारासेव' होतं. जेम्स बर्जेसनं १८७८ च्या पुरातत्त्व अहवालात धाराशिवची लेणी नोंदवली ती 'धारासिंव' म्हणून, आणि पुस्तकाच्या नावात आहेत बीदर आणि औरंगाबाद जिल्हे. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर १८५३ पासून काही वर्षं नळदुर्गला राहून हा भाग सांभाळत होता. त्याच्या १८७७ साली छापलेल्या आत्मचरित्रात नळदुर्ग आहे 'नलड्रूग'. ही सगळी पुस्तकं स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत. पण 'धाराशिव इतिहास' असं मराठीत टंकून यातलं एकही हाती लागणार नाही.

सोलापूरच्या विद्यार्थ्याला हा त्रास कमी. सोलापूर इंग्रजांकडे होतं, त्यामुळे बॉम्बे गॅझेटिअरचा १८८४ चा अख्खा खंड त्याच्या जिल्ह्याचा आहे. आमचा भाग निजामाकडे, म्हणून बॉम्बे गॅझेटिअरच्या मालिकेत नाहीच. तिथला कारभार आधी फार्सीत आणि मग उर्दूत चालला, आणि कागद राहिले हैदराबादला. सोलापूर-नळदुर्ग हे तासाभराचं अंतर, पण साधनांच्या हिशेबात मध्ये अख्खी सरहद्द आहे. हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही तो विद्यार्थी 'आपल्या भागावर कुणी काही लिहिलंच नाही' असं समजून गप्प बसतो.

यातला सगळ्यात फसवा प्रकार १९८२ चा. १५ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा काढला. म्हणजे १९६१, १९७१ आणि १९८१ च्या जनगणनेतला 'उस्मानाबाद जिल्हा' म्हणजे आजचे दोन जिल्हे. बहिणीनं १९८१ चे आणि २०११ चे जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवले असते तर विहिरी, पिकं, माणसं सगळंच धाडकन घटलेलं दिसलं असतं, आणि तिनं त्यावर 'दुष्काळाचा परिणाम' म्हणून दोन पानं लिहिली असती. :-( शिवाय त्या काळात दोन्ही जळकोट एकाच जिल्ह्यात! वेगळं ओळखायचं ते फक्त तालुक्यावरून.

आपल्या धंद्यातली माणसं हे चटकन ओळखतील. नाव ही कधीच चांगली 'प्रायमरी की' नसते. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे. तिला मी पहिलं काम हेच सांगितलं की तालुक्यातल्या सगळ्या गावांचे कोड एका वहीत उतरव, मग पुढचं बोलू.

हे झालं गावांच्या नावांचं. वस्तूंची नावं तितकीच घोळ घालतात. जळकोटला 'बोअर' म्हणतात. सरकारी मराठीत ती 'विंधन विहीर' असते. इंग्रजी अहवालांत 'बोअरवेल' आणि 'ट्यूबवेल' दोन्ही सापडतात, आणि साधी विहीर असते 'डगवेल'. तूर कुठे 'पिजन पी', कुठे 'रेड ग्रॅम'. ज्वारी नव्या शोधनिबंधांत 'सोरघम', जुन्या कागदांत 'जोवार'. आपल्या रानातला काळा खडक भूजलाच्या अहवालांत 'बेसाल्ट' किंवा 'डेक्कन ट्रॅप' होतो. 'बोअर जळकोट' असं शोधणाऱ्या मुलीला बोअर खोदून देणाऱ्यांचे फोन नंबर सापडले. 'विंधन विहीर' शोधल्यावर शासन निर्णय सापडले, आणि 'डगवेल', 'बेसाल्ट', 'उस्मानाबाद' एकत्र टाकल्यावर केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल. तोच लॅपटॉप, तेच नेट, तीच मुलगी.

मग एकातून दुसरं निघत गेलं. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय ओलिताचं क्षेत्र मिळालं. पण २०११ च्या रकान्यात विहिरी आणि ट्यूबवेल एकत्रच, म्हणजे तिच्या प्रश्नाला नेमका तोच आकडा निरुपयोगी. विहिरी वेगळ्या आणि उथळ, मध्यम, खोल ट्यूबवेल वेगळ्या मोजते ती लघु सिंचन गणना. ही गणना १९८६-८७ पासून होतेय, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. केंद्रीय अहवालातल्या एका तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात 'स्रोत' म्हणून तिचं नाव होतं. तिनं ते वाचलं, मी वाचलं नव्हतं. तक्त्याखालची ही ओळ वाचायची सवय लागली की अर्धं काम झालं असं समजा.

नावाचा खेळ किती गंभीर होऊ शकतो याचं एक उदाहरण आमच्याच भागातलं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. आपण त्याला किल्लारीचा म्हणतो, जगभरच्या शास्त्रीय साहित्यात तो बहुतेक 'लातूर अर्थक्वेक' आहे. पण सास्तूर आणि आसपासची गावं तेव्हाही उस्मानाबाद जिल्ह्यात होती, आजही धाराशिवमध्येच आहेत, आणि तिथेही माणसं ढिगाऱ्याखाली गेली. आज त्या गावातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं आपल्या पुनर्वसित गावठाणावर काम करायचं म्हटलं तर त्याला आपल्याच घरावर कोसळलेला भूकंप शेजारच्या जिल्ह्याच्या नावानं शोधावा लागतो. नाव माहीत असेल तर जगातलं उत्तम शास्त्रीय साहित्य समोर येतं. नसेल तर दरवर्षी ३० सप्टेंबरला येणाऱ्या त्याच त्या बातम्या.

आता पैशाची बाजू. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. सुरुवात सरकारी संस्थांपासून आहे, त्यामुळे आपलं कॉलेज त्यात येतं का हे प्रत्येकानं आपल्या ग्रंथपालांना विचारावं. योजना चांगलीच आहे, मी तिच्यावर टीका करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की १३,००० नियतकालिकं दारात आणून ठेवलीत तर त्यात शिरायचं कसं हे सांगायला आठवड्याला एक तासही ठेवा. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम आहे, त्यात विदासंच कसे वापरायचे हेही येतं. पण तोवर माणूस पंचविशी ओलांडून गेलेला असतो. नव्या शैक्षणिक धोरणानं चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा पर्याय आणला. म्हणजे आता वीस-एकवीस वर्षांची मुलं संशोधन प्रकल्प लिहिणार. त्यांना 'नेटवरून काढ' या दोन शब्दांपलीकडे काय मिळतंय?

काय मिळतं ते सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात. जिल्ह्याचं नाव बदलायचं, स्पायरल बायंडिंग करायचं, सबमिट. आणि आता एआय. 'मराठवाड्यातील भूजलावर दहा संदर्भ दे' म्हटलं की दहा संदर्भ येतात. लेखक, वर्ष, खंड, पानं, सगळं नीटनेटकं, पण त्यातले काही या पृथ्वीतलावर नसतातच. ही फसगत फक्त विद्यार्थ्यांची होत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधीच न झालेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. मी स्वतः हापिसात रोज ही साधनं वापरतो, त्यामुळे 'वापरू नका' हा उपदेश माझ्या तोंडी शोभणार नाही. पण त्यांना संदर्भ मागण्यापेक्षा नावं मागावीत. 'बोअरला इंग्रजी अहवालांत काय काय म्हणतात? तुरीची जुनी नावं कोणती?' असं विचारलं की उत्तर बऱ्यापैकी येतं, आणि चुकलं तरी शोध रिकामा येतो, एवढंच नुकसान. संदर्भ मात्र स्वतः उघडून वाचल्याशिवाय लिहायचा नाही. हा नियम तिनं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलाय.

एक अडचण मात्र खरोखरची आहे, आणि ती मराठीची आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा' हे भांडार तुम्हाला माहीत असेलच, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे आहेत. मराठवाडा विद्यापीठाचे, सोलापूरचे, सगळे. पण कित्येक मराठी प्रबंध नुसते पानांचे फोटो आहेत, नाहीतर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टंकलेले. पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून बघा, मराठीच्या जागी रोमी अक्षरांचा चिवडा येतो. डोळ्यांना मराठी दिसतं, सर्च इंजिनला चिवडा दिसतो. शिवाय मराठी शीर्षकं बरेचदा रोमी लिपीत भरलेली, त्यात 'मराठवाड्यातील' हा शब्द ज्यानं त्यानं आपापल्या परीनं लिहिलेला. एका माणसानं चार-पाच वर्षं रानोमाळ हिंडून गोळा केलेली माहिती शेजारच्या गावातल्या मुलीला दिसू नये, ते केवळ फॉन्टमुळे? मला हे दुष्काळाच्या विषयाइतकंच लाजिरवाणं वाटतं. उपाय आहे. शीर्षक तीन-चार स्पेलिंगांनी शोधायचं, विद्यापीठाच्या आणि विभागाच्या यादीतून हातानं खाली उतरत जायचं, आणि एक चांगला प्रबंध सापडला की त्याची संदर्भसूची चाळायची. गूगल स्कॉलर २००४ पासून आहे, त्यात 'साइटेड बाय' दाबलं की तो लेख नंतर कुणी कुणी वापरला ते दिसतं. सूचीतून मागे जायचं, 'साइटेड बाय'मधून पुढे. १९७२ च्या दुष्काळावरचा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला एक लेख धरून ती अशीच मागेपुढे करत गेली आणि दोन संध्याकाळी तिची यादी एका पानाची झाली.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एम.ए.चा प्रकल्प कोण वाचतो? गुण तर बायंडिंगलाच मिळतात. खरंय. पण एक वेगळी बाजू बघा. पुण्यातल्या किंवा दिल्लीतल्या एखाद्या संशोधकाला बोअरला गावात काय म्हणतात, कुठल्या शिवारात बारव आहे आणि कुठल्यात साधा आड, हे कळायला सहा महिने फील्डवर्क करावं लागतं. हिला ते जन्मापासून माहीत आहे. नावांच्या साखळीतला सगळ्यात अवघड दुवा तिच्याकडे आधीपासूनच आहे. तिला कमी आहे ती फक्त दुसऱ्या टोकाची नावं, अहवालांतली आणि इंग्रजीतली. ती कुणी दिली तर गावाबद्दल गावाच्याच माणसानं लिहिलेलं काहीतरी तयार होईल, आणि पुढच्या वेळी कुणी 'जळकोट' शोधलं तर ते सापडेल. आपल्या गावाला आधार नसलेली किंवा चुकीच्या जिल्ह्याची आकडेवारी चिकटली की तिच्यावर योजना बनतात, टँकर ठरतात, पीकविमा ठरतो. म्हणून हा नुसता गुणांचा प्रश्न नाही.

माझी मागणी साधी आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला सहा तासिका. ग्रंथपालांनीच घ्याव्यात, त्यांच्याइतकं हे कुणाला कळत नाही आणि त्यांच्याइतकं कुणाला विचारलं जात नाही. पहिल्या तासिकेत प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावाची सगळी नावं, स्पेलिंगं, जुने तालुके-जिल्हे आणि जनगणनेचा कोड शोधून आणायचा. दुसऱ्यात विषयातल्या शब्दांची बोलीतली, सरकारी आणि इंग्रजी नावं. उरलेल्या चारांत जनगणना पुस्तिका, गॅझेटिअर, शोधगंगा आणि एक शोधनिबंध शेवटच्या संदर्भापर्यंत वाचणं. यासाठी ना इमारत लागते ना निधी.

आणि आपण? आपल्यातल्या बहुतेकांचं कुठलं ना कुठलं जळकोट आहे. तिथून 'दादा' किंवा 'ताई' म्हणून फोन येतो आणि आपण पाच दुवे फेकून मोकळे होतो. तसं न करता एक वीकांत शेजारी बसा, पडद्यावर का होईना. कीबोर्ड त्यांच्या हातात राहू द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड. ज्यांना त्याहून जास्त करायचंय त्यांनी मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकाची चार पानं तपासून युनिकोडात आणावीत, किंवा विकिडेटावर आपल्या गावाच्या नोंदीत त्याची जुनी नावं भरावीत. दहा मिनिटांचं काम आहे.

बहिणीचा प्रकल्प अजून अर्धाही झालेला नाही. तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं केंद्र १९८६ पासून आहे, तिथल्या ग्रंथालयात भागातल्या गावांवरचं काही बघायला मिळेल का, हे ती पुढच्या आठवड्यात विचारून येणार आहे. विचारताना दोन्ही जळकोटांचे कोड बरोबर घेऊन जा, असं तिला सांगून ठेवलंय.